साथीची जागा

१० मार्च २०२३

बॉबी नेल्सनला जाऊन आज वर्ष झालं. कंट्री गायक विली नेल्सनची थोरली बहीण. दोघं आजी-आजोबांकडे वाढली, टेक्सासमधल्या ॲबट गावात. १९७३ पासून त्याच्या बँडमध्ये पियानोवर तीच. आज पुन्हा ऐकलं. त्याच्या ओळीवर ती कुठेही चढत नाही.

१४ मार्च

ताईंचा फोन. त्यांच्या गाण्याला इतकी वर्षं पेटीची साथ माझी. अमृतमहोत्सवाचा कार्यक्रम ऑगस्टमध्ये ठरतोय. “पेटीवर तूच.”

बघते म्हटलं.

१९ मार्च

उजव्या हाताची दोन बोटं सकाळी मिटत नाहीत. गरम पाण्यात हात धरून बसले. डॉक्टर म्हणतात, संधिवात आहे, जपून वापरा. विलंबितात निभावतं. द्रुतात ताईंची तान पुढे निघून जाते. त्यांच्या कानातून हे सुटणं शक्य नाही. बोलत मात्र नाहीत.

२ एप्रिल

भाच्याने विलीच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाची तिकिटं पाठवली. हॉलीवूड बोल, लॉस एंजेलिस. दोन्ही रात्रींची, अगदी वरच्या बाकांची.

विलीचा जन्म २९ एप्रिल १९३३ चा, मध्यरात्रीच्या थोडं आधी. कागदावर नोंद ३० ची. म्हणून वाढदिवस दोन दिवस. यंदा नव्वद.

९ एप्रिल

‘स्टारडस्ट’ची कॅसेट काढली. दादाने ह्यूस्टनहून आणलेली. रेकॉर्ड १९७८ ची. जुन्या जमान्यातली गाणी या कंट्रीवाल्याने का गावीत, हे कंपनीच्या गळी उतरत नव्हतं. बुकर टी. जोन्सने निर्मिती सांभाळली. पुढे बिलबोर्डच्या कंट्री यादीत ती दहा वर्षं टिकली.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, हा माणूस चुकतोय. ठेका पुढे गेला, तरी याची ओळ उचललेलीच नाही. मग चार शब्द बोलल्यासारखे टाकतो आणि बरोबर समेवर. त्या वेळी पेटीवर त्याच्यामागे जायचा प्रयत्न करायचे. मागे जाता यायचं नाही. थांबून राहावं लागायचं.

१६ एप्रिल

विलीची फुप्फुसं अधू, मध्ये कोविड होऊन गेला. नव्वदीच्या माणसाने आयत्या वेळी रद्द केलं तर? भाचा म्हणतो, “आत्या, तू ये. बाकीचं बघू.”

ताईंचा पुन्हा फोन. घेतला नाही.

२५ एप्रिल

पोचले. पाय सुजलेत. पुण्यापेक्षा साडेबारा तास मागे. पहाटे तीनला टक्क जाग, बोटं ताठ.

२७ एप्रिल

भाच्याने विलीच्या गिटारचे फोटो दाखवले. ट्रिगर. मार्टिन कंपनीची एन-२०, १९६९ मध्ये न बघताच घेतलेली. नाव रॉय रॉजर्सच्या घोड्याचं. टेनेसीतलं घर पेटलं तेव्हा विली आत शिरून ती बाहेर घेऊन आला.

ही बोटांनी छेडायची गिटार. नखी लागू नये म्हणून इतर गिटारींवर पट्टी असते, तशी हिच्यावर नाही. विली वाजवतो नखीने. घासून घासून मुख्य भोकाशेजारी दुसरं भोक पडलंय. कडा झिजून गुळगुळीत, आतल्या आधारपट्ट्या दिसतात. लाकडावर मित्रांच्या सह्या, त्याही पुसट. बदलली नाही. ऑस्टिनचा कारागीर ती डागडुजी करून उभी ठेवतो.

माझ्या पेटीचा भाता दोनदा बदलला. बोटांना तशी सोय नाही.

२९ एप्रिल

आज पहिली रात्र. मेट्रोने हॉलीवूड-हायलँड, तिथून चढण. टेकडीच्या खोबणीत उघडं नाट्यगृह, १९२२ पासूनचं. माणसं साडेसतरा हजारांच्या घरात. लाकडी बाकं. थंडी वाजतेय, शाल बरी आणली.

रात्री – तो आला. लिहिवत नाही.

१ मे

दोन्ही रात्री आता एकमेकींत मिसळल्यात. आठवेल तसं लिहिते.

कितीतरी जण त्याचीच गाणी गाऊन गेले. नील यंग, शेरिल क्रो, ख्रिस स्टेपल्टन. ताकदीचे आवाज. ऐकताना मी घड्याळ बघत होते.

क्रिस क्रिस्टोफरसन, ८६ वर्षांचा. आवाज फारसा उरलेला नाही. गाणं त्याचंच. शेजारी रोझॅन कॅश, जॉनी कॅशची मुलगी. तिला मोकळ्या गळ्याने गाता आलं असतं. गायली नाही. त्याच्या आवाजाला आपला आवाज टेकू म्हणून दिला. माझे डोळे तिच्यावरच.

नोरा जोन्स पियानोवर बसली आणि ‘डाउन यॉन्डर’ वाजवलं. बॉबीचा तुकडा. रविशंकरांची ही मुलगी. आमच्या पुढची पोरं नाचत होती. मला रडू आलं.

विली खुर्चीत बसून. लाल पट्टा कपाळाला, मांडीवर ट्रिगर. मोठ्या पडद्यावर ते भोक स्पष्ट दिसत होतं. श्वास तोकडा. लांब सूर धरतच नाही. ओळ तोडतो, पुढचा शब्द उशिरा. साडेसतरा हजार माणसं त्याच्या आधी पोचतात, हा मागून येतो आणि बरोबर तोच असतो. मधल्या जागी गिटारचे सूर मोजकेच, एखादा कणसूर, एखादा खरखरीत. जे होत नाही त्याच्या वाटेला जात नाही. जे करतो त्यात लयीचा केसभर फरक नाही.

बाकीचं मुलगा लुकास भरून काढतो. कीथ रिचर्ड्स आला, ७९ चा, तोही बाजूला सरकून वाजवत राहिला.

३ मे

झोप नाही. इतकी वर्षं साथ म्हणजे मागोमाग जाणं, हेच मानत आले. तान आली की तीच तान पेटीवर उमटली पाहिजे. टाळ्याही त्यालाच मिळतात. बॉबीने हे केलं नाही. रोझॅननेही नाही.

११ मे

पुणे. उकाडा. पेटी उघडली, पाऊण तास. द्रुतात तान वाजवलीच नाही. नुसता षड्ज धरला, तानेचा शेवटचा सूर तेवढा उचलला. लेकीला गायला बसवलं होतं. म्हणाली, “आई, मोकळं वाटलं गाताना.”

२० मे

ताईंना फोन केला. बोटांचं सगळं सांगितलं. म्हटलं, “येते, पण तानेच्या मागे धावणार नाही. सूर धरीन, जागा मोकळी ठेवीन. मध्यंतर लागेल. हे चालत नसेल तर दुसरं कुणी बघा.”

ताई थोडं थांबल्या. “मलाही दम पुरत नाही आताशा. काळी चारची पट्टी सोडली, काळी तीनही जड जाते. कुणाला सांगू?”

बुधवारी चारला त्यांच्याकडे. आधी पट्टी ठरवायची, मग द्रुत किती ते बघायचं.