मौन आणि संमती

मुरुडच्या कित्येक नारळी-पोफळीच्या वाड्यांचे मालक मुंबई-पुण्याला असतात. अशा गावात ‘सातबारा’ आणि ‘फेरफार’ हे शब्द फार लवकर कानी पडतात. फेरफाराची नोटीस निघते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर नोंद मंजूर होऊ शकते. दूर असलेल्याचे मौन हीच त्याची संमती ठरते.

संकेतस्थळांच्या नावांबाबत मला याच भीतीचे नवे रूप दिसते. नाव विकत घेतले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते मुदतीपुरते एका नोंदवहीत आपल्याकडे लागलेले असते. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘आयकॅन’चा नवा नियम आला : हस्तांतराच्या मागणीला जुन्या नोंदणीसंस्थेने पाच दिवसांत उत्तर दिले नाही, तर हस्तांतर पुढे जाणार. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या सेवासंस्थेचे नाव सुट्टीचे दिवस गाठून परस्पर ऑस्ट्रेलियातील नोंदणीसंस्थेकडे वळवले गेले. मालकाच्या संमतीची खातरजमा झालीच नव्हती. ग्राहकांची पत्रे भलतीकडे जाऊ लागली.

उपाय साधे आहेत. नावावर हस्तांतरबंदीचे कुलूप असावे, हस्तांतराचा संकेतांक गुप्त असावा आणि संपर्काचा ईमेल त्याच नावावरचा नसावा. अन्यथा सावध करणारे पत्रही चोराच्याच हाती पडते.

मराठी नियतकालिकांचे संचित आज अशा नावांमागे साठते आहे, आणि ते नाव पुष्कळदा एखाद्या हौशी मित्राच्या खात्यावर असते. वाडीचा बांध सरकला तर गावाला निदान दिसतो. नावाला बांध नसतो. नोंद हीच त्याची हद्द.