पन्नासपैकी अडतीस

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिच्यात ७१ बिअर आहेत. प्रत्येकीचं नाव, प्रकार, अल्कोहोलचं प्रमाण, तारीख आणि पन्नासपैकी गुण. गुण मनाला येतील तसे देत नाही. अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांची एक संस्था आहे, बीजेसीपी. तिच्या गुणपत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण अनुभवाला १० गुण असतात. इंजिनिअरला असा तक्ता मिळाला की तो सुखी होतो. मीही झालो.

हा नाद पुण्यात लागला. २००९ मध्ये तिथे 'डूलाली' सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. मी नोकरीला लागेपर्यंत अशा जागा बऱ्याच झाल्या होत्या. 'डूलाली' हे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं इंग्रजांनी केलेलं रूप. तिथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट बघत सोल्जर खुळावायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. पहिला ग्लास पिताना मला हे ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं, की बिअरला चव असते.

हे कळायला विसावं वर्ष उलटून गेलं होतं, कारण त्याआधी बिअर म्हणजे माझा मामा.

मामा रोह्याला राहायचा, धाटावच्या एमआयडीसीत कामाला होता. पहिली पाळी संपली की घरी, दुसरी संपली की बारमध्ये. त्याचा ब्रँड म्हणजे 'स्ट्राँग'. कंपनी कुठलीही चालायची, लेबलवर हा शब्द हवा. ६५० मिलिची बाटली, बर्फात ठेवलेली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो गेला. लिव्हर. बेचाळीस वर्षांचा होता. तेव्हापासून आमच्या पेणच्या घरात बिअर हा शब्द कुणी काढत नाही.

गेल्या डिसेंबरात ऑफिसातला एक मित्र स्कॉटलंडहून परत आला आणि माझ्यासाठी दोन बाटल्या घेऊन आला. ट्रॅक्वेअर हाउस एल. स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त काळ सलग वस्ती असलेलं घर म्हणून ट्रॅक्वेअर हाउस ओळखलं जातं. तिथली बंद पडलेली जुनी ब्रुअरी घराच्या मालकाने १९६५ मध्ये पुन्हा सुरू केली. ही एल अजूनही ओकच्या लाकडी पिंपांत आंबवतात. जोरदार, माल्टने भरलेल्या एलचं नाव काढलं की जाणकार हमखास ज्या बिअर सांगतात, त्यातली ही एक.

वर्क फ्रॉम होमसाठी मी पेणला आलो होतो. शुक्रवारी रात्री आई-बाबा झोपल्यावर एक बाटली काढली. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली. अशी बिअर फार गार प्यायची नसते, थंडीने जीभ बधिर होते आणि निम्मी चव मरते. मामाची बाटली बर्फात का असायची, ते मला त्या वीस मिनिटांत कळलं. चव लागू नये हाच तिथे उद्देश होता.

रंग गडद तपकिरी, दिव्यासमोर धरला की कडेला लालसर. वास काकवीचा, मागून थोडी भाजलेली पोळी. पहिला घोट गोड, पण साखरेसारखा नाही. खजूर, मनुका, कढईच्या तळाला धरलेला गूळ. मग हळूच कडवटपणा येतो आणि गोडी आवरतो. गिळल्यावर घशात ऊब. मी गुण लिहिले. वास ९, दिसणं ३, चव १५, तोंडातली जाणीव ४, एकूण ७. बेरीज ३८. त्या पत्रिकेत अडतीसपासून 'उत्कृष्ट' सुरू होतं.

अल्कोहोलच्या रकान्यात ७.२ टक्के लिहिलं आणि थांबलो. आपल्याकडे पाच टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड, त्यावर आठपर्यंत स्ट्राँग. म्हणजे मी कौतुकाने चाखत होतो तीही नियमाने स्ट्राँगच. मामाचीच जात. फरक एवढाच, की त्याच्या बाटलीला घरात 'व्यसन' म्हणायचे आणि माझ्या बाटलीला मी 'छंद' म्हणत होतो. माझ्याकडे परवानाही आहे, हजार रुपयांचा, आयुष्यभराचा. १९४९ चा दारूबंदीचा कायदा राज्यात अजून लागू आहे, पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. मामाने तोही कधी काढला नसेल.

दुसऱ्या दिवशी आजीला भेटायला रोह्याला गेलो. पेणहून नागोठणे, मग भिसे खिंड. आजी अंगणात नाचणी वाळवत बसली होती. मामेबहिणीला बाळ झालंय, त्याच्यासाठी सत्त्व करायचं होतं.

"कसं करतेस गं?" मी विचारलं. लहानपणापासून खाल्लंय, पण कधी विचारलं नव्हतं.

"काय असतंय त्यात? रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची. मग दळून वस्त्रगाळ करायची. मोड आणल्याशिवाय नाही हो. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते, पोराला पचते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ती माल्टिंगच सांगत होती. बार्लीलाही असंच भिजवतात, मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत भट्टीत वाळवतात. दाण्याला वाटतं, आता रोप व्हायचंय. म्हणून तो पिष्ठाची साखर करणारी एन्झाइम तयार करतो. ब्रुअर तो दाणा भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात भिजवतो आणि ती साखर काढून घेतो. दाणा जितका जास्त भाजाल तितका रंग आणि काकवीचा वास जास्त. भरड धान्यांत मोड आलेल्या नाचणीत ही एन्झाइम चांगल्यापैकी असतात. पेज पातळ होते ती त्यांच्यामुळेच. शुक्रवारी रात्री मी ज्या वासाला बारापैकी नऊ दिले, तो वास माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात होताच.

उत्साहात बोलून गेलो, "आजी, बिअर पण अशीच करतात. सुरुवात अगदी हीच."

तिचा हात नाचणीवर थांबला.

"मग त्याने पेजच प्यायची होती," ती म्हणाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनेच विचारलं, "तू घेतोस?"

"चव बघतो. लिहून ठेवतो. चांगली कुठली, वाईट कुठली."

मला वाटलं, ती चिडेल. ती नाचणी पसरत राहिली. "तोही आधी दोस्तांबरोबरच बसायचा रे. हसतखेळत घरी यायचा. मी काही बोलले नाही कधी. एकटा बसायला लागला, तेव्हा मला कळलं. पण तेव्हा माझं ऐकणारा राहिला नव्हता."

रविवारी पेणला परत येऊन शीट उघडली. इतके रकाने होते, पण 'कोणाबरोबर' हा नव्हता. जोडला. तारखा, फोनमधले फोटो, पैसे पाठवल्याचे मेसेज बघत एकेक ओळ भरली. अडीच तास लागले. मग फिल्टर लावला.

पहिल्या तीस बिअरमध्ये 'एकटा' दोनदा. शेवटच्या वीसमध्ये चौदा वेळा.

ही शीट मी चार वर्षं भरतोय. वासाचे बारा भाग मला वेगळे करता येतात, आणि हा आकडा मला दिसला नव्हता. उलट गुणपत्रिका समोर असली की एकट्याने पिणं अभ्यासासारखं वाटायचं. मामाकडे शीट नव्हती, एवढाच त्याचा दोष धरायचा का?

मी लगेच बिअर सोडली वगैरे नाही. चौदा हा आकडा म्हणजे मी मामा झालो असंही नाही. पण त्या रात्री आईला सगळं सांगितलं. एल, शीट, आजी, चौदा. ती पोह्याचे पापड डब्यात भरत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फ्रिजमधली दुसरी बाटली मी कालच बघितली. विचारणार होते, धीर झाला नाही. दादाला पण कधी विचारलं नव्हतं."

बाटली अजून तिथेच आहे, आता भाजीच्या कप्प्यात नाही, समोर दारात. मित्र मार्चमध्ये पेणला येणार आहे, तेव्हा उघडू. बहात्तराव्या ओळीत तारीख रिकामी आहे, गुण रिकामे आहेत. 'कोणाबरोबर' तेवढं आधीच लिहून ठेवलंय.