तीन रात्रींचे तरते बिऱ्हाड

सिंगापूरकरांना समुद्राचे अप्रूप ते काय? ईस्ट कोस्टला फिरायला जावे, तर नजर पोचेल तिथपर्यंत नांगर टाकून उभी असलेली जहाजे. पण गंमत अशी, की आपण मराठी मंडळी इथे वर्षानुवर्षे राहतो, विमानाने पुण्या-मुंबईच्या खेपा घालतो, आणि ज्या सामुद्रधुनीमुळे हे शहर भरभराटीला आले तिच्या अंगावरून एकदाही जात नाही. आम्हीही त्यातलेच. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी विचारायचे, "काय हो, क्रूझ केलीत की नाही अजून?" आणि आम्ही "बघू, चिरंजीवांची परीक्षा होऊन जाऊ दे," असे म्हणून मोदकांकडे वळायचो.

यंदा परीक्षा संपली आणि पाठोपाठ चिरंजीवही घरातून गेले. कुठे, ते इथल्या वाचकांना सांगायला नको. १९६७ च्या कायद्याने सिंगापुरात मुलांना अठरा वर्षांचे झाल्यावर पूर्ण वेळ लष्करी सेवा करावी लागते. हल्ली तिची मुदत दोन वर्षांची आहे, आणि आपल्यासारख्या पीआर कुटुंबांतल्या मुलांनाही ती चुकत नाही. ती न करता पीआर सोडून दिली, तर पुढे इथे येऊन शिकण्यावर किंवा नोकरी करण्यावर त्याचा विपरीत परिणाम होतो. आमच्याकडे या विषयावर दोन वर्षे चर्चासत्र चालू होते. भारतातले नातेवाईक म्हणत, "कशाला हवी ती बंदूक? पाठवा अमेरिकेला." सौ. म्हणायची, "माझा मुलगा नीट अंथरूणसुद्धा घालत नाही, तो सैन्यात काय करणार?" शेवटी मुलानेच निकाल दिला. "माझे सगळे मित्र जाणार आहेत. मी इथेच वाढलोय. मी जाणार." विषय संपला.

चांगीहून फेरीबोटीने पुलाव टेकोंगला जायचे. पहिल्या दिवशी आईबापांनाही बरोबर नेतात, बराकी दाखवतात, भोजनगृहात जेवू घालतात आणि मग पालकांना घेऊन बोट परत फिरते. जाताना आम्ही तिघे होतो, येताना दोघे. पहिले साधारण दोन आठवडे मुलांना घरी सोडत नाहीत. त्या दोन आठवड्यांत घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. कुकरमध्ये तांदूळ तिघांचाच पडत होता. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "कुठेतरी जाऊया. पण लांब नको, त्याचा फोन लागला पाहिजे." लांब नको आणि घरी तर नकोच, या दोन अटींत बसणारी सहल म्हणजे तीन रात्रींची पेनांगची क्रूझ. शाळांना सुट्टी नव्हती, त्यामुळे तिकिटेही मिळाली.

अलिबागला आईला फोन करून सांगितले, तर तिकडे एकदम शांतता. आईच्या पिढीतल्या अलिबाग-रेवसकडच्या माणसांना 'बोट' म्हटले की पहिले नाव आठवते ते 'रामदास'. १७ जुलै १९४७, अमावास्या, ऐन पावसाळा. मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट वाटेतच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण घरोघरच्या हकिगती ऐकतच ती मोठी झाली. "बोटीत खाली बसू नका, वर बसा," एवढेच ती म्हणाली. आमच्या जहाजाला पंधराच्या वर मजले आहेत, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

मोठी जहाजे मरीना बे क्रूझ सेंटरवरून सुटतात. हे टर्मिनल २०१२ साली सुरू झाले. त्यामागचे एक कारण आमच्यातल्या इंजिनिअरला फार आवडले. हार्बरफ्रंटच्या जुन्या टर्मिनलला उंचीची मर्यादा आहे, कारण सेंटोसाला जाणारी केबल कार डोक्यावरून जाते. ५२ मीटरपेक्षा उंच जहाज तिथे येऊ शकत नाही. हा काही नुसता कागदावरचा नियम नव्हे. २९ जानेवारी १९८३ रोजी तेलविहिरी खणणाऱ्या एका जहाजाचा उंच मनोरा केबलमध्ये अडकला, दोन डबे खाली कोसळले आणि सात माणसे दगावली. नव्या जागी ती अडचण नाही. शिवाय एमआरटीचे मरीना साउथ पिअर स्टेशन शेजारीच आहे. बॅगा ओढत, शंभर डॉलर टॅक्सीला न घालता आम्ही समुद्रपर्यटनाला निघालो, यात आम्हांला जरा जास्तच समाधान वाटले.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न अर्थातच जेवणाचा. इथून सुटणाऱ्या जहाजांवर भारतातून विमानाने येऊन चढणारे प्रवासी भरपूर असतात. डाळ, भात, भाजी, पोळीसदृश नान, जैन जेवण, सगळे हजर. आमच्या शेजारच्या टेबलावर सुरतेहून आलेले एक मोठे कुटुंब होते. त्यांच्या डब्यातला खाकरा आमच्याकडे आला आणि सौ.च्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी तिकडे गेली. वाढप्याने ही देवाणघेवाण कौतुकाने पाहिली.

संध्याकाळी जहाज हलले. हलले ते कळलेच नाही; समोरच्या इमारती सरकू लागल्या तेव्हा कळले. इतके मोठे धूड डोलत कसे नाही, असे सौ.ने विचारले आणि आमचे व्याख्यान सुरू झाले. पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. जहाज एका अंगाला कलू लागले की ते आपला कोन बदलून उलटा रेटा देतात. पण खरे श्रेय भूगोलाचे. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलाय द्वीपकल्प, त्यामुळे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा जोर इथे अडतो. मलाय भाषेत या मुलखाला 'वाऱ्याखालचा देश' म्हणत ते उगाच नाही. जुन्या काळचे व्यापारी वारा फिरेपर्यंत इथल्या बंदरांत मुक्काम ठोकत आणि मग घरी परतत.

थोड्या वेळाने उजव्या हाताला रॅफल्स दीपगृह दिसले. पुलाव सातुमू नावाच्या इवल्याशा बेटावर १८५५ पासून ते उभे आहे. या भागात सामुद्रधुनी इतकी अरुंद होते, की फिलिप्स चॅनलमध्ये तिची रुंदी जेमतेम पावणेतीन किलोमीटर उरते. आणि तिच्यातून वर्षाला ८० हजारांहून अधिक जहाजे जातात! त्यासाठी १९८१ पासून समुद्रात चक्क रस्त्यासारख्या जाण्यायेण्याच्या वेगळ्या वाटा आखून दिल्या आहेत. मोठ्या तेलवाहू जहाजांच्या तळाखाली किमान साडेतीन मीटर पाणी राहिले पाहिजे, असाही नियम आहे, कारण सामुद्रधुनी अरुंद आहे तशी उथळही आहे. वाहने इथे उजवीकडून चालतात. म्हणून जाताना मलेशियाची बाजू आणि येताना सुमात्राची.

रात्री अकरा वाजता नाचगाणी सोडून आम्ही वरच्या डेकवर गेलो. तिथे जवळजवळ कोणी नव्हते. पुढे, मागे, डावीकडे नुसते दिवे. एकामागोमाग एक, शिस्तीत चाललेले. पंढरीच्या वाटेवर रात्री दिंड्यांच्या बत्त्या दिसाव्यात तसे. प्रत्येक दिव्याखाली पंचवीसेक माणसे, महिनोन् महिने घराबाहेर असलेली. त्यांतली पुष्कळशी आपल्याकडचीच असतात. सौ. बराच वेळ कठड्याशी उभी होती. मग म्हणाली, "यांच्याही आया असतीलच की."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेनांग आले. हवा स्वच्छ होती, म्हणून उत्तरेला केडा राज्यातला गुनुंग जेराई दिसला. १२१७ मीटर उंचीचा हा डोंगर खलाशांची जुनी खूण. केडा म्हणजेच चोळांच्या लेखांतले कडारम्, ज्याच्यावर राजेंद्र चोळाच्या आरमाराने १०२५ साली स्वारी केली. आपण विमानाने काही तासांत येतो आणि दमलो म्हणतो!

जहाज स्वेटनहॅम पिअरला लागते आणि तिथून जॉर्ज टाउन पायी फिरता येते. फ्रान्सिस लाइटने १७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतलेले हे बेट. गावाला २००८ साली मलाक्काबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. चिनी वाडे, कपितान केलिंग मशीद, मारिअम्मनचे देऊळ, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. इथला प्रसिद्ध पदार्थ 'नासी कांदार'. कांदार म्हणजे चक्क आपली कावड. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण, असे बंदरातल्या हमालांना जेवू घालत. आम्ही माशाचे कालवण घेतले. अलिबागच्या चवीशी नाते सांगणारे नव्हते, पण परकेही वाटले नाही.

याच बंदरात आपल्याकडची माणसे वेगळ्या रीतीनेही उतरली आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज हिंदुस्थानातले कैदी इथे पाठवत. सिंगापूरला ते १८२५ पासून येऊ लागले. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतली ही माणसे. १८७३ पर्यंत हे चालले. आपल्या सिंगापुरातले सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि इस्ताना या वास्तू त्यांच्याच हातच्या. पुढे मद्रास-नागपट्टणमहून 'रजुला' बोट पेनांगमार्गे सिंगापूरला यायची. १९२६ साली बांधलेली ती बोट जवळजवळ पन्नास वर्षे चालली. तिच्या उघड्या डेकवर वळकट्या पसरून कितीजण इकडे आले असतील! त्या मानाने आम्ही तर पाहुण्यांसारखे आलो.

किनाऱ्यावर फोनची रेंज होती, म्हणून अलिबागला खुशाली कळवली. बोट बुडाली नाही, हे ऐकून आई मोकळी झाली आणि नातवाची चौकशी करू लागली. सौ.ने तिला विचारले, "आई, हे एम.एस.ला गेले तेव्हा तुम्ही काय केलंत?" आई म्हणाली, "काय करणार गं? सहारवरून घरी आले. त्याच्या उशीचा अभ्रा आठ दिवस धुतला नाही. मग धुतला." आम्ही दोघेही काही बोललो नाही. एम.एस.च्या त्या विमानात आमच्या डोक्यात युनिव्हर्सिटी, शिष्यवृत्ती आणि बॅगेचे वजन एवढेच होते. मागे घरी अभ्रा न धुता ठेवलेला आहे, हे पंचवीस वर्षांनी पेनांगच्या धक्क्यावर कळले.

त्याच रात्री, जहाज सुटायच्या आधी, टेकोंगहून फोन आला. मुलांना रात्री थोडा वेळ फोन वापरू देतात. "आई, जेवलो. पाय दुखतायत. अंथरूण इतकं चापूनचोपून घालायला लागतं ना, की नाणं टाकलं तर उडेल. झोपतो." एका मिनिटात संपले. सौ. हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "अंथरूण घालतो म्हणे!"

तिसरा दिवस नुसत्या समुद्राचा. त्या दिवशी आम्ही खुर्च्या टाकून, अठरा वर्षांत न बोललेल्या गोष्टी बोललो. मुलगा दोन वर्षांनी सुटेल, मग त्याचे कॉलेज. आई अलिबागला एकटी. आपण इथेच राहायचे का? निर्णय काही झाला नाही. पण निदान दोघांनी एकच प्रश्न एकाच टेबलावर मांडला, हेही थोडे नाही. एवढे मात्र ठरले, की या डिसेंबरात महिनाभर एकाने तरी अलिबागला राहायचे, आणि ती पाळी आधी आमची.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. पासपोर्ट सहा महिने वैध असावा. पीआर असाल तर री-एन्ट्री परमिटची तारीख बघा आणि भारतीय पासपोर्ट असेल तर मलेशियाच्या व्हिसाचे ताजे नियम तपासा. जहाजावरचे इंटरनेट महाग असते, फोन किनाऱ्यावरूनच करावेत. पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत पोचायला वेळ लागतो. आणि मुख्य म्हणजे एक रात्र तरी उशिरा वरच्या डेकवर जा. ज्यांची मुले यंदा टेकोंगला, बंगळुरूला किंवा बॉस्टनला निघाली आहेत, त्यांनी तर जरूर जा. तिकीट दोघांचेच काढा.