घसारा

बी.कॉम.ला शिकवलेल्या घसाऱ्याच्या हिशेबानं आमच्या मामांच्या लाकडी डोंग्याची किंमत केव्हाच शून्य झाली. तो वर्धा नदीच्या आर्वीकडल्या काठाला असतो. पलीकडे कौंडण्यपूर, साक्षात रुक्मिणीचं माहेर! उन्हाळ्यात फळ्या आकसतात, फटी पडतात. मामा त्यांत कापूस ठासतात (भाव पडला असेल तर अंमळ जास्तच), वर ऊन ऊन डांबर. तरी पहिल्या दिवशी डोंगा गळतोच. "पिऊ दे त्याले पानी, फुगते मंग," मामा म्हणतात. फुगलेल्या फळ्या फटी मिटवतात हे खरं. तोवर डब्यानं पाणी उपसायला भाचा आहेच.

परवा एकजण डोंगा सरपणाच्या भावात मागायला आला. मामांनी त्याला चहा पाजला, डोंग्यातूनच पलीकडे सोडलं आणि परतताना मला विचारलं, "कोरडाच उतरला ना गा?"