खांद्यावरचा हात

वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ओझरच्या विघ्नहराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि शिखर सोन्यानं मढवलं, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. वसईचा विजय 1739चा. पुढच्या 28 एप्रिलला बाजीराव रावेरखेडीला गेले आणि त्याच डिसेंबरात चिमाजींनीही डोळे मिटले. एवढे जवळचे भाऊ, पण पुस्तकांत मला दोघांची चित्रं कायम वेगवेगळीच दिसली. एका चौकटीत शेजारी शेजारी उभे असे ते मी कधी पाहिले नाहीत.

आमच्या सोप्यात मात्र बाबा आणि काका एकाच तसबिरीत होते. तैलरंगातली तसबीर, शिसवी चौकट. बाबांचा हात काकांच्या खांद्यावर. लहानपणी मी त्या हाताकडे बघत राही, कारण बाबा एरवी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत.

कॉलेजला पुण्याला गेल्यावर तिथल्या वाचनालयात राजा रवि वर्मांवरचं पुस्तक हाती आलं. त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा स्वतः उत्तम निसर्गचित्रकार होते. थोरल्याच्या कितीतरी चित्रांत, विशेषतः मागच्या डोंगर-आभाळात, धाकट्याचा कुंचला आहे. बहीण मंगलाबाईही चित्रकार, तिनं तर भावाचंच व्यक्तिचित्र रंगवलं. शेजारी उभं न राहताही भावंडं अशी एकमेकांच्या चित्रात येतात, हे मला फार भावलं.

त्या सुट्टीत घरी आल्यावर तसबीर नीट न्याहाळली. बाबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, काकांच्या चेहऱ्यावर उजवीकडून. खांद्यावरच्या हाताची बोटं जरा लांब, आणि मनगट अशा ठिकाणाहून आलेलं की कोपर कुठे असेल ते कळेना. आजीला विचारलं.

"दोघांचे फोटो निरनिराळे होते रं. तुझा काका मुंबईला गिरणीत, सुट्टी कुठली? मी पेंटरला म्हटलं, माझी पोरं लांब लांब नको दिसायला. मग त्यानं हात काढला."

म्हणजे तो हात कुठल्याच फोटोत नव्हता. तरी काका आजारी पडले तेव्हा आमचा बैल विकून मुंबईची गाडी धरणारे बाबाच होते. पेंटरनं आजीच्या शब्दावर जे रंगवलं, त्यापेक्षा खरं त्या तसबिरीत काहीच नाही, असं मी मानतो.

मध्यंतरी रंगाला भेगा पडल्या, म्हणून ती दुरुस्तीला दिली. कारागीर म्हणाला, हात चुकलाय, नीट करून देतो. मी आणि चुलतभाऊ एकदमच "नको" म्हणालो. आता ती त्याच्या घरी आहे. माघी गणेशोत्सवाला ओझरला आणतो, तेव्हा चार दिवस माझ्याकडे.