लाल गोळी आणि ‘बाहेरची’ बाई



गेल्या एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी गोळा करत आम्ही रत्नागिरी तालुक्यातल्या एका हापूसच्या बागेत शिरलो. राखणीला एक नेपाळी जोडपं होतं. अशी जोडपी आता आपल्याकडे ठिकठिकाणी दिसतात. आंब्याच्या हंगामात बागेतच राहतात, पावसाआधी निघून जातात. त्या दिदीला सहावा महिना होता. पत्र्याच्या खोपटात खिळ्याला एक पिशवी लटकत होती. त्यात लोहाच्या लाल गोळ्यांची न फोडलेली पाकिटं. खाली मेडिकलमधून आणलेला पावडरचा महागडा डबा. तो मात्र अर्धा संपलेला.

आमच्यासोबत आशाताई होत्या, म्हणून आम्ही विचारू शकलो. दिदी मोडक्या हिंदीत म्हणाली, “गोळीने शी काळी होते, मळमळतं. मूल मोठं होऊन बाळंतपण अडेल अशी भीती वाटते.” दोन-चार गोळ्या खाल्ल्या होत्या, त्याही सकाळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर, चहासोबत. म्हणजे फुकटच गेल्या. चहा आणि कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाहीत. आशाताईंनी समजावलं, “शी काळी होणं अपायकारक नाही. गोळी रात्री जेवणानंतर घे, जेवणात लिंबू पिळ, कॅल्शियम वेगळ्या वेळी घे.” एवढी साधी गोष्ट तिला तिच्या भाषेत कोणी सांगितलीच नव्हती.

परतताना आमच्यातलाच एक जण म्हणाला, “आपल्या बायकांना धड मिळत नाही, आणि आपण बाहेरच्यांची काळजी करायची?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. १८० दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता जेमतेम २६ टक्के. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ची योजना कागदावर चोख आहे: पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. म्हणजे आपल्या बायकांचंही अडतंय. पण ते त्या दिदीने गोळी खाल्ल्यामुळे अडतंय का? जिथे गोळी घरात पोचूनही पोटात जात नाही, तिथे दोघींचा शत्रू एकच आहे.

आणि ‘बाहेरचे’ म्हणजे कोण? याच रत्नागिरीतून आमच्या आज्या-पणज्या मुंबईच्या चाळींत गेल्या, गिरण्यांत राबल्या. तेव्हा त्याही बाहेरच्याच होत्या. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं ठासून मांडलं. तिचं गाव कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. १९२९ साली कायदा झाला. ज्यांचं मूळ गाव आंबडवे याच कोकणातलं, त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांनी बागेच्या कुंपणाशी थांबायचं?

संविधान उघडून बघा. अनुच्छेद १५ आणि १९ नागरिकांबद्दल बोलतात. पण १४ आणि २१ मध्ये शब्द आहे ‘व्यक्ती’. जगण्याचा हक्क ओळखपत्र बघून सुरू होत नाही. पोटातल्या गर्भाला तर कोणतंच कार्ड नसतं.

तेव्हा भावनेवर न थांबता काम करू. आपल्या वस्तीजवळच्या बागा, चिरेखाणी, जेटीवरच्या खोल्या माहीत करून घ्या. गरोदर बाई दिसली तर आशाताईंना आणि अंगणवाडीला कळवा. माता-बाल कार्ड भरून घ्यायला लावा आणि ती निघाली की ते तिच्या हातात असेल हे बघा, म्हणजे पुढच्या गावी ते दाखवता येईल. डब्याच्या पावडरीवर मजुरी उडवण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. नाचणी, कडधान्य, सुकी मासळी जमेल तशी ताटात येऊ दे. आणि गोळीबरोबर दोन शब्द तिच्या भाषेत द्या.

या जयंतीला डीजेवर पाच हजार कमी गेले तरी चालतील. त्या पैशांतून नेपाळी आणि कन्नडमध्ये छापलेला एक साधा कागद खोपटाखोपटांत पोचवू.

जय भीम! जय संविधान!