सायकल पाहावी घेऊन

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्या काळी सायकल निघालेली नसावी. नाहीतर त्याने तिसरं कलम नक्की जोडलं असतं. नुसती सायकल घ्यायची तर फारसं अवघड नाही. पण रोज कामावर जायला, हलकी, जरा पळणारी आणि खिशाला झेपणारी अशी सायकल घ्यायची म्हटलं, की या विशेषणांचं आपसात पटत नाही. हलकी असते ती झेपत नाही, झेपते ती पळत नाही आणि पळते तिच्यावरून कामाला निघालं तर पारावरची मंडळी विचारतात, "आज काय शर्यत हाय का, गुर्जी?"

मी केमला राहतो. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका, रेल्वेने जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये. ज्यांनी आमचं स्टेशन पाहिलेलं नाही, त्यांच्याही देवघरात आमचं गाव बहुधा पोचलेलं असतं, कारण केमचं कुंकू! इथल्या कुंकवाच्या कारखान्यातून सुटलेला माणूस लांबून ओळखू येतो. तो जन्मभर होळी खेळून घरी निघालेला दिसतो. माझी शाळा मात्र गावात नाही. सात किलोमीटरवरच्या वस्तीवर आहे. जाताना चढ आणि येताना तोंडावर वारा, अशी त्या रस्त्याची न्यायबुद्धी आहे. पेट्रोलने शंभरी ओलांडली आणि पाठोपाठ माझ्या रक्तातल्या साखरेने दोनशेचा पल्ला गाठला, तेव्हा मोटारसायकलीला विश्रांती द्यावी यावर डॉक्टरांचं आणि माझं एकमत झालं.

घरातल्या इतरांचं व्हायचं होतं. मुलगा पुण्याला असतो, म्हणजे त्याला सगळं कळतं. त्याने फोनवर फोटो धाडायला सुरुवात केली. "बाबा, रोड बाईक घ्या. पंचवीस हजारांत बसते. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय." सरकारने माझ्या गुडघ्यांसाठी एवढं केल्यावर मी मागे राहणं बरं दिसलं नसतं. फोटोतली सायकल देखणी होती, यात वाद नाही. अंगाने सडपातळ, बारा किलोच्या आत, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि टायर 25 मिलिमीटरचे, म्हणजे माझ्या अंगठ्यापेक्षा थोडे जाड.

"हिला स्टँड?" मी विचारलं.

"वेगळा घ्यायचा."

"मडगार्ड? कॅरियर? घंटी?"

"बाबा, त्याने वजन वाढतं."

हिने चष्मा लावून फोटो पाहिला. "अहो, इतकं वाकून कुणाच्या पाया पडत जायचं ठरवलंय? आणि वाकलेल्या माणसाला समोरचा टेम्पो दिसतो का? साऱ्या महाराष्ट्राला कुंकू पुरवणाऱ्या गावात राहते मी. माझं आहे ते मला सांभाळू द्या!" या मुद्द्याला जगातल्या कुठल्याही सायकल कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नाही.

शेजारचे आण्णा काळ्या सायकलीच्या बाजूचे. त्यांची बावीस इंची सायकल मी लहानपणापासून पाहतो आहे. तिने कॅरियरवर ज्वारीची पोती, दांड्यावर पोरं आणि हँडलला दुधाच्या किटल्या एकाच फेरीत वाहिल्या आहेत. तिचं वजन वीस किलोच्या घरात आहे. घंटी सोडून सगळं वाजतं. पण तिच्या बाजूने बोलायचं तर तीत नाजूक असं काही नाही. कॉटरपिन ढिली झाली की दगडाने ठोकायची, छर्रे गेले की मूठभर नवे भरायचे, चाकात आऊट आला तर आरे आवळून काढायचा. मी तिचे दातही मोजले: पुढे 44, मागे 18. पायडलाचा एक फेरा मारला की साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीला उत्तम हिशेब. चढाला मात्र तेच साडेपाच मीटर माझ्या छातीतून निघतात, कारण तिला गिअर नाही. आणि या घराण्याचे दिवसही फिरले आहेत. अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम थांबल्याची नोटीस लागली ती 3 जून 2020 रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाला. असा मुहूर्त शत्रूलाही सुचत नाही. "पण माझी हाय की अजून," असं आण्णा म्हणतात, आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

हा तिढा सुटेना म्हणून मी फोन घेऊन स्टँडाजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. वास्तविक सुरुवात तिथूनच करायची असते. सायकल आपण एकदा घेतो, पंक्चर वर्षभर काढतो. त्याने घमेल्यातल्या पाण्यातून हात बाहेर काढला, पुसला आणि फोटो न्याहाळला.

"ह्यो वाल हाय का इंजेक्शनची सुई?"

त्या बारीक टायरांच्या ट्यूबला बारीक, लांबुडका व्हॉल्व्ह असतो. गावातल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. मध्ये पितळी बोंडी लावावी लागते, आणि ती बोंडी नेमकी घरी राहते. शिवाय असल्या टायरला ऐंशी-शंभर पौंड हवा लागते. काळ्या सायकलीचं चाळिसात भागतं.

"आनि सराट्याचं काय?" त्याने विचारलं.

सराटा ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. जमिनीसरपट वेल, गोंडस पिवळं फूल, आणि फळ असं की कसंही पडलं तरी एक काटा आभाळाकडे. त्याच्या जोडीला वेडी बाभूळ. एरवी अरुंदपणाशी आमच्या भागाचं वैर नाही. कुर्डुवाडीची बार्शी लाईट 1897 पासून शंभर वर्षं अडीच फुटी रुळांवरून धावली आणि वारकरी पंढरपूरला पोचवत राहिली. पण तिच्या चाकांत हवा नव्हती. आणि पावसाळ्यात काळी माती! टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा नसली की ती तिथे बसते, चाक जाम होतं आणि मग सायकलच माणसावर बसून शाळेत जाते.

तेव्हा कुठे मला काय विचारायचं ते कळलं. सोलापूरच्या दुकानात गेलो तो वेग विचारला नाही. व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड आहे का, फ्रेमला कॅरियर नि मडगार्ड बसवायची भोकं आहेत का, 35 मिलिमीटरचा टायर घालून वर जागा उरते का, मागे निदान सात गिअर आहेत का, एवढंच विचारलं. दुकानातला पोरगा इतका वेळ कार्बन आणि वाऱ्याचा रोध यांवर बोलत होता. भोकांचं नाव काढताच तो खाली बसून मोजायला लागला. पाहिलेल्या सहांपैकी चार सायकली तिथेच गळाल्या. उरलेल्या दोघींत एक वाकडी हँडलवाली, दुसरी सरळ. हिला फोन लावला. "सरळ," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सायकल घरी आली तेव्हा कुंकू कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. हँडल, सीट, दोन्ही चाकं, शेवटी गिअरसुद्धा माखले. आण्णांनी एक चक्कर मारली, आणि गिअर बदलताना झालेला आवाज ऐकून काहीतरी मोडलं म्हणून उतरून चालत आणली. स्टँड, कॅरियर, मडगार्ड, घंटी, दिवा आणि कुलूप बसल्यावर वजन पंधरा किलोवर गेलं, ते मुलाला सांगितलेलं नाही. चढाला तिसऱ्या गिअरात बसून जातो. वाऱ्यावर मात्र पंचवीस हजारांत अजून काही निघालेलं नाही.

टायरचा एक घोळ होताच. हे चाक आणि काळ्या सायकलीचं चाक, दोन्ही अठ्ठावीस इंची म्हणवतात. पण काळीच्या रिमवर टायर बसतो तो 635 मिलिमीटरचा आणि हिच्यावर 622 चा. ट्यूब ओढूनताणून चालते, टायर चालत नाही. मी ते पंक्चरवाल्याला कागदावर लिहून दिलं. आठवड्याने पाहतो तर त्याने कुठूनतरी एक मागवून दुकानाच्या खिळ्याला टांगला होता, काळ्या टायरांच्या शेजारी, कागदासकट.

"तुमी सोडून ह्याला दुसरं गिऱ्हाईक न्हाई, गुर्जी," तो म्हणाला. "तवा जरा जास्त चालवत जावा."